दोन पातेली

कोथरूडमध्ये बारा वर्षं दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक केल्यावर चंपा साळवेने स्वतःची खानावळ काढली, तेव्हा पाटीवर काय लिहायचं यावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. तात्यारावांचं म्हणणं, झोकात नाव टाकू. चंपा म्हणाली, "नाव लिवलं की लोक आडनाव इचारत्यात. मग गाव इचारत्यात. मग गप होत्यात." शेवटी पाटीवर नुसतं 'घरगुती जेवण मिळेल' आलं. घर कोणाचं, ते पाटीने सांगितलं नाही. बुद्धाची तसबीरही आत लागली, पिठाच्या डब्यांच्या वर.

तात्याराव भोसरीच्या कारखान्यात लेथवर होते. नवी यंत्रं आली तशी जुनी माणसं घरी आली, त्यांत तेही आले. तेवीस वर्षं लोखंड कातलेला माणूस कांदे चिरायला बसला. कांद्याची प्रत्येक फोड एका मापाची झाल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. चंपा वैतागायची, पण कांदा मात्र कधी एकीकडे करपून दुसरीकडे कच्चा राहिला नाही.

चंपाच्या हाताला नाव ठेवायची सोय नव्हती. ती स्वयंपाकाची बारा वर्षं तिने सुहासिनीबाईंच्या घरी काढली होती. चिंचगुळाची आमटी, काकडीची कोशिंबीर, बेताच्या तिखटाची भाजी, सगळं त्यांनीच शिकवलं. बाई वाईट नव्हत्या. सणाला साडी द्यायच्या, आजारपणात डॉक्टरांकडे न्यायच्या. फक्त "चंपा, तुमच्या घरी तुम्ही काय खाता गं?" हे त्यांनी बारा वर्षांत एकदाही विचारलं नाही.

त्यामुळे खानावळीत रोज दोन पातेली चढायची. पुढच्या शेगडीवर मोठं, गिऱ्हाइकांचं, गोडसर. मागच्या शेगडीवर लहान, घरचं. त्यात असायची लोणी काळभोरच्या माहेरची शेंगोळी, म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या बोटभर वळ्या, लसूण-मिरचीच्या रश्शात रटरटवलेल्या. सोबत ज्वारीची भाकरी आणि ठेचा. गिऱ्हाईक उठून गेलं की दार लोटून दोघं ते खायची. दुसऱ्याची चव शिकता शिकता बाईमाणूस स्वतःच्या चवीची लाजही शिकतं. त्याची शिकवणी कोणी घेत नाही, तरी ती चांगली पक्की होते.

चार वर्षं बरी गेली. मग शेजारचा शिकवणीचा क्लास आपल्या नव्या इमारतीत गेला आणि जेवणारी पोरं बरोबर घेऊन गेला. बाकडी ओस पडली. महिनाअखेरपर्यंत काही घडलं नाही तर शटर खाली, आणि चंपा पुन्हा कोणाच्या तरी ओट्यापाशी. तात्याराव हे बोलत नसत. चंपा तर मनातही आणत नसे, पण पोळी लाटताना तिचे हात मधेच थांबायचे.

अशात मागच्या गल्लीतल्या सॉफ्टवेअर कंपनीचा आमोद आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं तोलूनमापून. "मावशी, आमच्याकडे चाळीस जण आहेत. तीन दिवस जेवण पाठवा. लोकांना पसंत पडलं तर रोजचं काम तुमचं. नाही पडलं तर एक मोठा केटरर रांगेत आहेच."

पहिल्या दिवशी चंपाने जीव ओतून सुहासिनीबाईंची आमटी केली. दुपारी पातेलं परत आलं ते निम्मं भरलेलं. कंपनीतली पोरं नांदेडची, अकोल्याची, गुंटूरची, तिखटावर वाढलेली. गुळाची आमटी त्यांनी वाटीत घेतली आणि वाटीतच ठेवली.

पातेल्यामागोमाग एक मुलगी आली. त्याच कंपनीत सहा महिन्यांसाठी इंडोनेशियाहून कामाला आलेली. नाव सांगितलं रत्ना. इतकं आपल्याकडचं नाव ऐकून तात्यारावांना वाटलं, ती थट्टा करते आहे. मोडक्या हिंदीत तिने एवढंच विचारलं, "मिर्ची है?"

चंपा आणि तात्याराव नुकतीच मागचं पातेलं घेऊन जेवायला बसली होती. दारात आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं? चंपाने संकोचतच ताटलीत शेंगोळी आणि ठेचा वाढला. रत्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं, आणि तिने ताटली पुन्हा पुढे केली. मग हातवारे करत तिने सांगितलं. तिच्या आईचंही असंच दुकान आहे, घराच्या पुढच्याच खोलीत. भात, तळलेली मासळी आणि दगडावर वाटलेली मिरची. मग मागच्या शेगडीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "दो क्यों? माँ का एक ही बर्तन. घर भी वही, दुकान भी वही."

चंपाकडे उत्तर होतं, पण ते एका परक्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या शेंगोळी पाठवायची."

"डोकं ठिकाणावर हाय का?" तात्याराव म्हणाले. "कोथरूड हाय हे. हुलगं घोड्याला घालत्यात म्हणतील."

"म्हणू द्या. शटर पडायचंच आसंल तर माझ्या जेवणानं पडू दे. दुसऱ्याच्या आमटीनं कशाला?"

तात्यारावांनी हुलग्याच्या पिठाचा डबा खाली काढला. पहाटे चारला दोघं परातीशी बसली. चाळीस जणांची शेंगोळी म्हणजे चेष्टा नव्हे, एकेक वळी तळहातावर वळायची. पण लेथवरचा हात तो. तात्यारावांची वळी बघून चंपाने आपली दोनदा मोडली. पुढच्या शेगडीवरचं मोठं पातेलं त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या जेवणाने भरलं. मागची शेगडी पेटलीच नाही.

आमोदने झाकण उघडलं आणि भुवया वर केल्या. "हे काय आहे?"

"जेवण," चंपा म्हणाली आणि वळून निघाली.

दुपारी पातेलं परत आलं. ते घासायची गरज नव्हती, भाकरीने इतकं पुसून घेतलं होतं. तिसरा दिवस उजाडायच्या आत, त्याच संध्याकाळी, आमोद स्वतः आला. "केटररला नाही म्हणून कळवलंय. फक्त एक विनंती आहे, ठेचा थोडा जास्त लागेल." तो गेल्यावर चंपा आत गेली, डब्यांवरची तसबीर उतरवली, पदराने पुसली आणि पुढच्या भिंतीवर, दारातून दिसेल अशी लावली. मग खुर्चीत बसून पोटभर रडली. तात्यारावांनी तिला रडू दिलं आणि पेंटरला बोलवायला गेले.

सहा महिन्यांनी भर दुपारी सुहासिनीबाई आल्या. पाटीसमोर उभं राहून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. 'चंपा साळवे यांची खानावळ. शेंगोळी, भाकरी, ठेचा.' आत आल्या तर बसायला जागा नव्हती. एका पोराने उठून दिली.

चंपाने इतरांसारखंच त्यांनाही वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला, पाण्याचा पेला रिकामा केला, दुसरा घास घेतला. मग खाली मान घालून सगळं संपवलं.

"बारा वर्षं होतीस माझ्याकडे," हात धुताना त्या म्हणाल्या. "हे कधी करून घातलं नाहीस."

"तुम्ही कधी इचारलं न्हाई, बाई."

सुहासिनीबाईंनी पिशवीतून रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला. चंपाने तो काठोकाठ भरला आणि झाकण लावता लावता, चेहरा अगदी सरळ ठेवून विचारलं, "वरनं थोडा गूळ घालू का?"

"काही नको," बाई म्हणाल्या. "आहे तसंच दे."