पाठीवरचा हात

दादा वर्ध्याच्या दवाखान्यात वारला आणि तो निरोप घेऊन संध्याकाळच्या मोटारीनं मी समुद्रपूरला उतरलो. शाळेच्या मैदानावर त्याची खो-खोची पोरं ओळीनं डोळे मिटून बसलेली. कसलाच आवाज नाही... मी सवयीनं माझ्या जागी, म्हणजे वाळवीनं खाल्लेल्या खांबाच्या जागी, जाऊन उभा राहिलो. माझा थोरला भाऊ व्यायामशिक्षक. धाकट्याच्या देहाचा त्याला एवढाच उपयोग सापडला होता. "तू हालत नाई, थेच लय झालं," म्हणायचा.

खांबाला सगळं दिसतं. तालुक्याचा सामना आम्ही हरलो तो नुसत्या फाउलनं. दीक्षा घेऊन बौद्ध झालेल्या घरचा भीमराव संघात सर्वांत चपळ. पण वामन त्याच्या पाठीशी आला की हात वीतभर अलीकडे थांबायचा, तोंड तेवढं 'खो' म्हणायचं. पंचांची शिट्टी! "म्हनलं त होतं खो," वामन कुरकुरायचा. मग दादानं बसणाऱ्यांना डोळे मिटायला लावले, 'खो' म्हणायलाही बंदी केली. "पाठीले डोये नसते, गा. हात लागला का उठाचं. कोनाचा, थे इचाराचं नाई." पोरं कोणाच्याही हाताला उठू लागली, वामनसुद्धा. पण त्याचा स्वतःचा हात काही भीमरावाच्या पाठीपर्यंत पोचेना. "तेवढं झालं का मी मोकया," दादा म्हणायचा. आणि त्याआधीच मोकळा झाला...

त्या संध्याकाळी धावणारा भीमराव होता. मला एकट्याला पाहून तो माझ्यापाशी थांबला. "सर काऊन नाई आले, काका?" मी तोंड उघडतो तोच ओळीच्या पार त्या टोकाला वामन उठून उभा राहिला. त्याच्या मागे कोणीच नव्हतं.

"कोनं देल्ला खो?" त्यानं विचारलं. बाकीची पोरं बसलेलीच.

"दादा गेला रे," मी म्हणालो.

वामननं हात मागे नेऊन आपली पाठ चाचपली. मग ओळीच्या कडेनं सावकाश चालत आला आणि भीमरावाच्या पाठीवर पंजा टेकवला. पुरता. भीमरावानं वळून पाहिलं नाही. तो धावत सुटला.

याला काही आठवडे झाले. मी अजून खांबच आहे. नवा खांब येईपर्यंत, असं बायकोला सांगतो. "तुमच्यापेक्षा वायवीचा बरा," ती म्हणते. परवा दिवेलागणीला माझ्या पाठीवर हात पडला. रुंद, ओळखीचा दाब. संघ तर सगळा समोर होता... पण कोणाचा, ते विचारायचं नसतं.

"काका, खांब कुठी चालला!" वामन ओरडला.

मी धावत होतो.