अक्कांचे मंगलाष्टक

“सरी, पण ह्याला झालंय काय?”

समोर ठेवलेली कोणतीही वस्तू अक्का आधी उलटी करीत, मग खिडकीच्या उजेडाकडे धरीत आणि मग हा प्रश्न विचारीत. प्रश्न मला असे; त्यातले ‘सरी’ म्हणजे कन्नडातले ‘बरं’. परंतु उत्तरासाठी थांबण्याची त्यांची पद्धत नव्हती. तोवर केसांतला आकडा त्यांच्या हातात आलेला असे.

इथे कन्नड मुलखात, बसवनगुडीत आमचे लहानसे मराठी कवितामंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही जमतो. माझे आयुष्य शाळेत मराठी शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर मुलाकडे जे. पी. नगरला आलो आणि मंडळाचे संचालन ओघानेच माझ्याकडे आले. मी एक शिस्त घालून दिली. मेजावर एखादी वस्तू ठेवायची, सर्वांनी ती पाहायची, हाताळायची आणि अर्ध्या तासात तिच्यावरून काही ओळी लिहायच्या. वस्तू जुनी असावी आणि तिच्यात काहीतरी उणे असावे, असा माझा निकष होता. उणेपणातून प्रश्न निर्माण होतो आणि प्रश्नातून कविता, हे तत्त्व मी पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहून समजावले होते. मला ते आजही योग्य वाटते. अक्कांपुढे मात्र ते एकदाही टिकले नाही.

एकदा मी बंद पडलेले गजराचे घड्याळ ठेवले. सगळे माना खाली घालून लिहू लागले. सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा आमचा एक तरुण सभासद थांबलेल्या काळावर लिहिलेल्या ओळी मोठ्या तन्मयतेने वाचू लागला, आणि तिसऱ्या ओळीला घड्याळ खणखणून वाजले. अक्कांनी मागचे झाकण पुन्हा बसवले.

“अक्का, अहो, माझी कविता बंद घड्याळावर होती!”

“मग आता चालू घड्याळावर लिही की रे. ह्याला काय कष्ट?”

सगळे हसले. मी हसलो नाही. ज्याने कधी वर्ग सांभाळला आहे, त्याला माझी अवस्था समजेल.

मोडकी छत्री त्या घरी घेऊन गेल्या आणि पुढच्या बैठकीला नवी काडी बसवून परत आल्या. कान तुटलेल्या बरणीत त्यांनी लिंबाचे लोणचे घालून आणले, आणि त्या दिवशी कोणीच काही लिहिले नाही. सगळे बोटे चाटत बसले. मी एक गुळगुळीत दगड ठेवून पाहिला. दगडाला काय होणार, असा माझा हिशेब होता. अक्कांनी तो सारखा हलणाऱ्या मेजाच्या पायाखाली सरकवला आणि म्हणाल्या, “हां. आता लिहायला बरं.”

या बाई मग मंडळात का येत होत्या, असे आपण विचाराल. मीही विचारले होते. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आले. “आमचे आजे-पणजे घोड्यावर बसून आले, सर, आणि परत जायचंच विसरले,” असे त्या सांगत. शाळा कन्नडमध्ये झालेली; मराठी फक्त घरात. त्यांच्या नातीचे लग्न मंड्याच्या एका कन्नड घरात ठरले होते.

“आमच्या घरात लग्नाला घरच्याच बाईनं मंगलाष्टक करायचं असतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईनं माझं केलं, मी लेकीचं केलं नाही. धाडस झालं नाही, सर. आता नातीचं करायचं. मला एकच कविता पायजे. जास्ती नको.”

यापेक्षा स्पष्ट उद्दिष्ट कोणत्याही विद्यार्थ्याने माझ्यापुढे ठेवले नव्हते. मी कामाला लागलो. बैठक संपल्यावर त्यांना वेगळे बसवून मंगलाष्टकाचे वृत्त शिकवू लागलो: लघु, गुरू, यती. त्या प्रत्येक वाक्याला “सरी, सरी” म्हणत आणि त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या सैल गुंडीवर असे. सूचक शब्द दिले: माहेर, उंबरठा, ओटी. त्यांनी माहेराविषयी उत्तम गप्पा मारल्या. ओळ एकही आली नाही. लग्नाला आठवडा उरला तेव्हा मी आवाज चढवून म्हणालो, “अक्का, लग्न तुमच्यासाठी थांबणार नाही.”

“स्वल्प थांबा की, सर,” त्या नेहमीसारखा हात वर करून शांतपणे म्हणाल्या. “येतंय.”

राजाजीनगरच्या एका कार्यालयात लग्न झाले. मी मुद्दाम पुढे उभा राहिलो. नवरा-नवरीमध्ये अंतरपाट धरला होता. भटजींची मंगलाष्टके झाली आणि त्यांनी माइक अक्कांच्या हाती दिला. हातात कागद नव्हता.

अक्का नातीकडे पाहून बोलू लागल्या. वृत्त नव्हते, यमक नव्हते. मी शिकवलेले एक अक्षरही त्यात नव्हते.

“बाळे, तिथं तुझी भाषा कोणाला येणार नाही.
त्यांची तू शिक, चांगली शिक.
पण सकाळी उठलीस की आरशापुढं उभी राहा,
आणि स्वल्प मराठीत बोल.
स्वतःशीच बोल. मग दिवसभर कशातही बोल.
आणि कधी आरशातल्या बाईनं उत्तर दिलं नाही, तर...”

इथे ओळ अडली. ‘थांबा’ म्हणण्यासाठी त्यांनी नेहमीसारखा हात वर केला.

वधूवरांवर अक्षता टाकण्याचा क्षण आला की कन्नड लग्नात कोणीतरी असाच हात उंचावून वाद्यवाल्यांना खूण करतो. कोपऱ्यातल्या वाद्यवाल्यांनी अक्कांचा हात पाहिला. डोलूचा ढोल आणि सनईसारखा नादस्वर एकदम कडाडले. चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. घाबरून कोणीतरी अंतरपाट खाली ओढला. “अहो, मुहूर्त व्हायचाय!” भटजी ओरडत होते, ते कोणाला ऐकू जात नव्हते. त्या कल्लोळात अक्कांचे ओठ हलताना मला दिसले. नातीला त्यांचे बोलणे ऐकू गेले असावे, कारण ती आधी हसली आणि मग तिने आजीच्या खांद्यावर डोके ठेवले. मी तीन हातांवर उभा होतो. शेवटची ओळ माझ्यापर्यंत पोहोचली नाही.

पुढच्या बैठकीला अक्का आल्या नाहीत, त्यानंतरच्याही नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, “एकच पायजे होती, सर. झाली की.” मंडळाच्या वार्षिक अंकासाठी ती कविता मला हवी होती. अपुरी कविता छापणे माझ्या तत्त्वात बसत नाही. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. सण होता, नात माहेरी आली होती. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाल सोलत होत्या.

“शेवटची ओळ काय होती, अक्का?”

“कोणाला आठवतंय, सर? तोंडात आली, बोलले.”

मी नातीकडे वळलो. “तुला आठवत असेल. तू अगदी जवळ होतीस.”

“आठवते ना, सर.”

मी पेनाचे टोपण काढले.

तिने आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “पण ते अज्जीनं मलाच सांगितलंय,” ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.