दाजींच्या छताची खरवड

माझे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, सोलापुरातल्या एका कचेरीतून निवृत्त झाले आणि उजनीच्या पाण्याकाठच्या आपल्या गावी राहायला गेले. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात. दाजी मोबाइलवरच्या व्हिडिओंना लागले. त्याच नादात त्यांनी पुण्याहून एक जुना कॅम्पर ओढून आणला. कॅम्पर म्हणजे गाडीच्या मागं जोडायची, चाकांवरची बुटकी खोली. पक्षी बघायला येणारे शहरी लोक तिच्यात मुक्काम करतील, असा बेत होता. लोक आलेही. पण त्यांनी पक्ष्यांपेक्षा गळणारं छतच जास्त वेळ बघितलं.

मग दाजींनी छताच्या सांध्यांवर फटी बुजवायचं सीलंट थापलं. पुन्हा गळालं, की वर दुसरं. पांढऱ्यावर करडं, करड्यावर काळं डांबर. छताला कातडीचा रोग झाल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी एका व्हिडिओनं त्यांना सांगितलं की जुनं सगळं खरवडून काढल्याशिवाय नवं धरत नाही. मग मला फोन आला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिन्यात मी रिकामटेकडी असते, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे.

"वर तूच चढ," दाजी म्हणाले. "तुझं वजन कमी हाय. छत सोसंल."

"आणि तुम्ही?"

"मी खालनं सांगतो की."

आक्काच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तरी या माणसानं माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द. मी चढले.

व्हिडिओतला माणूस थंड देशातला होता. तो सीलंट आधी गरम करून मऊ करायचा. म्हणून दाजींनी भाचीचा केस वाळवायचा ड्रायर लांबलचक वायर जोडून वर पाठवला. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पत्रा गरम करायला यंत्र लावणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. मी ड्रायर बंदच ठेवला. डांबर आधीच इतकं पातळ झालं होतं, की खरवडायची पट्टी लावली की तार सुटायची, गुळाच्या पाकासारखी. ते पट्टीला, हातमोज्याला, माझ्या ओढणीला चिकटलं. निघालं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच चढले. गारव्यानं ते कडक झालं होतं आणि पापुद्रे सुटायला लागले. पट्टी बोथट झाल्यावर आक्काचं उलथनं घेतलं.

"आज चपात्या कशानं उलटू गं?" आक्का खालून ओरडली. "ह्यांच्या जिभंनं?"

दाजींनी ऐकलं नाही. ते थिनरची बाटली वर देत होते. "उरलेला चिकटा ह्यानं पूस. व्हिडिओत दाखवलंय."

"प्लॅस्टिकला चालतं का पण?"

"सगळ्याला चालतंय."

मी छतातल्या हवेच्या खिडकीची प्लॅस्टिकची चौकट पुसली. ती मऊ पडली आणि तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले, कायमचे. दाजींना सांगितलं, तर म्हणाले, "पुसायची पद्धत चुकली असंल."

दुपारपर्यंत सांधे उघडे पडले. खाली कंपनीचं मूळ सीलंट होतं, पिवळं पडलेलं, पण धड. सांधा कुठंच फुटला नव्हता. फुटलं होतं ते पुढच्या कडेला. तिथं चार भोकं होती, गंजलेल्या स्क्रूंसकट, आणि त्या स्क्रूंवर 'निसर्ग निवास' ही दाजींची पाटी उभी होती. पाणी तिथूनच आत उतरत होतं.

"दाजी, ही भोकं कुणी पाडली?"

दाजी धरणाच्या पाण्याकडं वळले. "कंपनीचीच असतील."

"कंपनीनं मराठीत पाटी लावून धाडला हुता व्हय?" आक्का म्हणाली.

मला इतकं हसू आलं, की मी छतावरच बसले आणि लगेच चटका बसून उठले. पाटी काढून भोकं बुजवायला अर्धा तासही लागला नाही. मग आक्कानं पाण्याच्या मोटारीचा पाइप ओढून आणला, दाजींना आत बसवलं आणि छतावर पाणी सोडलं. सांधे कोरडे, भोकं कोरडी. थिनरनं वाकलेल्या खिडकीतून मात्र सरळ धार लागली आणि दाजी भिजून बाहेर आले.

"नवीन सीलंट आणतो," ते म्हणाले.

"आणून तर बघा," आक्का म्हणाली.

तिनंच टेंभुर्णीहून माणसं बोलावली. त्यांनी चारी बाजूंनी लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवले आणि कॅम्परवर पत्र्याचं शेड उभं केलं. आता पुढचा खांब गाडी जोडायच्या दांड्याला इतका खेटून आहे, की ती चाकं जन्मात कुठं जायची नाहीत. पाहुणे विचारतात, हा कॅम्पर फिरायला कुठंकुठं नेता? दाजी गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "हा स्थिर कॅम्पर हाय. तिकडं परदेशात हेच चालतंय."

पाहुणे मान डोलावतात. काही जण तर फोटोही काढतात.