भोंग्यातली गोपिकाबाई

तांडापेठेत आमच्या भिंतीला भिंत लागून गोपिकाबाई निनावेची खोली होती. तिचा नवरा महादेवराव मिलमध्ये साचे म्हणजे माग चालवायचा. मिलने माणसं कमी केली तेव्हा तो भिवंडीला गेला, तिकडे पॉवरलूमवर काम मिळतं म्हणून. पहिल्या दिवाळीला आला, तिच्यासाठी पोलक्याचं कापड घेऊन. दुसऱ्या दिवाळीला आला नाही. पुढे भिवंडीहून परतलेल्या कोणीतरी सांगितलं की महादेवरावाने तिकडे दुसरं घर केलं. गोपिकाबाईला हे तोंडावर कोणीच सांगितलं नाही. तिला ते कळलं बायकांच्या गप्प होण्यावरून. ती नळावर आली की चाललेलं बोलणं थांबायचं.

मूलबाळ नव्हतं. कपाळाचं कुंकू तिने पुसलं नाही, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येणं बंद झालं. नवरा असून नसलेल्या बाईला काय म्हणावं हे मोहल्ल्याला ठरवता आलं नाही. ठरवता आलं नाही म्हणून वगळून टाकलं.

ती साड्यांना फॉल लावायची. गांधीबागेत मोठ्या ठोक दुकानांमागच्या बोळीत ताराचंदचं साड्यांचं लहानसं दुकान होतं, तिथून साड्या आणायच्या, घरी बसून शिवायच्या आणि पोचवायच्या. चौऱ्याहत्तर साली तेही काम आटलं. रेल्वेचा संप झाला, धान्य महागलं, हातमागाच्या घरांतून मागांचा आवाज येईनासा झाला. ज्याला रोजची भाकर मिळत नव्हती तो साडी कुठून घेणार? ताराचंद दिवसभर गादीवर बसून साड्यांच्या घड्या मोडायचा आणि पुन्हा घालायचा.

गिऱ्हाईक यावं म्हणून त्याने सायकलरिक्षावर भोंगा लावून एक माणूस फिरवला होता. तो माणूस घसा ताणून ओरडायचा, "आइए बहनों, देखिए बहनों, सेल, सेल, सेल!" एका दुपारी फॉलचं काम आहे का ते विचारायला गोपिकाबाई दुकानात गेली होती, तेव्हा रिक्षा बोळीतून ओरडत गेली.

"शेटजी," ती म्हणाली, "हा माणूस कोणाशी बोलून राहिला?"

"लोकांशी. आणखी कोणाशी?"

"लोक म्हणजे कोण? मोहल्ल्यात तं लोक नावाचं कोणी राहत नाही. बायजाबाई राहते, इंदुताई राहते. त्यायले वाटते, हे आपल्यासाठी नाहीच."

ताराचंद हसला. पण पुढल्या आठवड्यात तो ओरडणारा माणूस एका तंबाखूवाल्याकडे निघून गेला आणि रिक्षा भाड्याने घेतलेली तशीच उभी राहिली. तेव्हा त्याने गोपिकाबाईला बोलावून घेतलं. "तुम्हीच बोलून पाहा, बाई. नाही जमलं तर नाही."

तिने एकच अट घातली, रिक्षाला पडदा पाहिजे. साडीच्या जुन्या कापडाचा पडदा लागला. रिक्षा ओढायला धोंडबा होता, साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा.

पहिली गल्ली नाईक तलावाजवळची. माइक हातात घेऊन ती बसून राहिली. धोंडबा मागे वळून म्हणाला, "बोला न बाई, नाहीतं मी उगाच पेडल मारून राहिलो." पडद्याच्या फटीतून तिला नळावर बायजाबाई दिसली, बादली भरायची वाट पाहत उभी. आणि ती बोलून गेली, "अवं बायजाबाई, तुह्या लुगड्याचा काठ फाटला दिसते. फेकू नको वं. बाकीचं लुगडं अजून चांगलं हाय. ताराचंदच्या दुकानात नवीन काठ लावून भेटते."

बायजाबाईने दचकून आधी आपला काठ पाहिला आणि मग वर आभाळाकडे. नळावरच्या बायका हसून हसून वाकल्या.

ताराचंदच्या दुकानात तेव्हा काठ लावून मिळतच नव्हता. ती कल्पना तिला त्याच क्षणी सुचली होती. परत आल्यावर तिने त्याला सांगितलं, "नवीन लुगडं घ्यायची कोणाची ताकद नाही शेटजी. पण जुनं नेसून लग्नाले जायची लाज सगळ्यायले वाटते. काठ ठेवा. मी शिवून देईन." दुसऱ्या दिवशी बायजाबाई दोन शेजारणींना घेऊन दुकानाच्या पायरीवर हजर.

महिन्याभरात त्या बोळीत सर्वांत जास्त वर्दळ ताराचंदकडे होती. काठ लावायला आलेली बाई एखादं परकर-पोलक्याचं कापडही घ्यायची. मंदी कुठे गेली नव्हती, आजूबाजूची दुकानं तशीच ओस होती, पण ताराचंदने एक शिलाई मशीन घेतलं, मग दुसरं. इतर लहान धंदेवाले गोपिकाबाईकडे यायला लागले. इतवारीतली मसाला कुटणारी शोभाताई आली. जुन्या मंगळवारीतला चपला दुरुस्त करणारा रुपराव आला. ती प्रत्येकाला आधी विचारायची, "तुमच्याकडे कोण येते? कोण येऊन परत जाते? काहून जाते?" आणि मग त्या गल्लीत जाऊन त्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायची. रुपरावासाठी ती म्हणायची, "मास्तर, एक चप्पल घासून चालता, दिसून राहिलं. टाच बसवून घ्या." त्या गल्लीत कोणी ना कोणी मास्तर असायचाच.

पाचपावली, लालगंज, सक्करदरा, सगळीकडे तिचा आवाज ओळखीचा झाला. पोरं रिक्षामागे धावायची. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, आज कोणाचं नाव घेते ते ऐकायला. नाव घेतलं गेलं तर तो दिवसभराचा मान असायचा.

पण पडद्याआड बसलेली ही आपल्याच शेजारची गोपिका, हे ठाऊक असूनही कोणी तसं वागायचं नाही. रिक्षातला आवाज त्यांचा होता. खोलीतली बाई त्यांची नव्हती. ज्या घरातल्या सुनेचं नाव सकाळी भोंग्यातून घेतलं, त्याच घरी संध्याकाळी ओटी भरायचा कार्यक्रम असायचा आणि गोपिकाबाई आपल्या उंबऱ्यावर बसून काठ शिवत असायची. आत गाणी चालू असायची. माझी आई एकदोनदा म्हणाली, "बोलावलं पाहिजे तिले," आणि आजीने नुसतं पाहिलं तिच्याकडे.

मला वाटतं, गोपिकाबाईला सर्वांत जास्त खटकत असेल ते हे की भोंग्यात उत्तर येत नाही. "कशी आहेस वं इंदुताई?" असं विचारायचं आणि रिक्षा पुढे जायची.

एका दुपारी लालगंजात रिक्षाचं चाक पंक्चर झालं. धोंडबा चाक काढून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. रिक्षा एका कडुनिंबाखाली विटा लावून उभी. ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गोपिकाबाईने माइक मांडीवर ठेवला. बटण बंद केलं असं तिला वाटलं. एकटं राहून राहून तिला स्वतःशी बोलायची सवय लागली होती. ती तशीच बोलायला लागली.

"आज काय करावं बाप्पा? भाजी आणली तं उरते. नाही आणली तं जेवावंच वाटत नाही. एका माणसाचा सैपाक होतच नाही कधी. काल पिठलं केलं, वाढलं, आन् समोर दुसरं ताट मांडलं. मंग आपलंच आपल्याले हसू आलं. कोण येते आता?"

भोंग्यातून हे सगळं गल्लीभर जात होतं. एकेक खिडकी उघडली.

"त्यानं येऊन सांगाचं होतं. नाही येत म्हणून, एवढंच सांगाचं होतं. मी काय धरून ठेवलं असतं? दोन वर्षं झाली, मी अजून दाराले आतून कडी लावत नाही. वाटते, आला तं वाजवावं लागंल त्याले."

धोंडबा चाक हातात घेऊन धावत आला. त्या वयात तो धावताना कोणी पाहिला नव्हता. "बाई! भोंगा चालू हाय! बाई!"

तिने बटण दाबलं. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. कोणी हसलं नाही. कोणी जवळही आलं नाही. चाक बसेपर्यंत ती पडद्याआड तशीच बसून राहिली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ताराचंदचं दुकान गच्च भरलं. लालगंजातल्या बायका घोळक्याने आल्या. काहींना काठ नको होता की फॉल नको होता, त्यांना ती बाई पाहायची होती. पण दुकानात आल्यावर रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सगळ्यांनी काही ना काही घेतलं. गोपिकाबाई मागच्या मशीनवर मान खाली घालून शिवत राहिली. "हेच का वं?" "हो, हेच." असं तिच्या मागे चाललं होतं.

दुकान रिकामं झाल्यावर ताराचंदने तिला चहा मागवला. एरवी तो तिच्यासाठी चहा मागवायचा नाही.

"गोपिकाबाई, कालचं ते जे बोललात ना, ते आज पाचपावलीत बोला. उद्या सक्करदऱ्यात. अगदी तसंच. ते दुसऱ्या ताटाचं नक्की बोला. थोडं रडू आलं तरी चालेल."

तिने कप खाली ठेवला. "शेटजी, ते बोलणं इकायसाठी नव्हतं."

"मग कशासाठी होतं?"

"कशासाठीच नव्हतं. एकटी होती म्हणून निघालं."

"मी वाईट काय सांगतो? मंदीत गिऱ्हाईक असं चालून येतं का कधी? तुमचाही फायदाच आहे." तो खरंच वाईट माणूस नव्हता. जे खपतं ते पुढे मांडायचं, एवढंच त्याला कळत होतं.

तिने चहा संपवला, कप विसळून ठेवला, अर्धवट शिवलेला काठ पूर्ण केला आणि घरी निघून आली. ताराचंदकडे पुन्हा गेली नाही. काठ लावायचं काम ती आता घरीच घ्यायला लागली. त्याने दुसरी एक बाई रिक्षात बसवली. ती माइकवर हुंदके द्यायची. आठ-पंधरा दिवस लोकांनी ऐकलं, मग पोरं तिच्या हुंदक्यांची नक्कल करायला लागली, तेव्हा त्याने रिक्षाच बंद केली.

लालगंजातल्या त्या दुपारची बातमी आमच्याही गल्लीत आली होतीच. काही दिवस बायका गोपिकाबाईकडे जायच्या, कोणी वाटीभर भाजी घेऊन, कोणी नुसतीच. पण बसून काय बोलायचं हे त्यांना सुचायचं नाही आणि तिलाही नाही. "काठाचं काम बरं चालते का?" "चालते." मग आलेली बाई उठायची. हळूहळू जाणं थांबलं. मात्र तेव्हापासून ती आतून कडी लावायला लागली. भिंतीतून आम्हाला तो आवाज ऐकू यायचा.

शोभाताईच्या मसाल्यासाठी ती पुढेही फिरली. मसाल्याचा धंदा वाढला, कांडपयंत्र आलं, दोन दुकानं झाली. ब्याऐंशीच्या सुमारास टेपरेकॉर्डर आले. शोभाताईने एका बैठकीत तिचा आवाज कॅसेटवर भरून घेतला आणि त्याच्या प्रती करून चार रिक्षांत लावल्या. गोपिकाबाईला आता रिक्षात बसायची गरज उरली नाही. ती घरी असायची आणि तिचा आवाज गावभर फिरायचा.

त्या कॅसेटमध्ये तुळसाबाईचं नाव होतं. तुळसाबाई आमच्याच गल्लीतली, पापड करणारी म्हातारी. "तुळसाबाई, पापडाले तिखट आमचंच घेजो वं." पावसाळ्यात तुळसाबाई वारली. तेराव्याच्या दिवशी पानं वाढलेली असताना गल्लीतून रिक्षा गेली आणि भोंगा तिला हाक मारत गेला. तिची सून वच्छला उठली आणि तडक गोपिकाबाईच्या दारात आली.

"मेलेल्या माणसाले हाका मारता का तुम्ही?"

गोपिकाबाईने हातातला काठ खाली ठेवला. चपला घालून रिक्षामागे गेली, कमाल चौकात रिक्षा गाठली आणि टेप बंद करायला लावला. मग शोभाताईकडे जाऊन म्हणाली, "ते नाव काढा." शोभाताईने सांगितलं, नाव काढता येत नाही, सगळंच पुन्हा भरावं लागेल. पुन्हा भरलं. या वेळी तिने एकही नाव घेतलं नाही. कोण कधी जाईल, काय भरवसा? ऐकून शोभाताई म्हणाली, "हे तं कोणीही बोललं असतं वं."

"मंग कोणालेही बोलवा," गोपिकाबाई म्हणाली. भोंग्यासाठी ती त्यानंतर बोलली नाही.

सत्त्याऐंशीत घरमालकाने खोली विकली आणि ती वाडीला गेली, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांकडे. बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेलो तेव्हा ती एका गोदामाच्या ओट्यावर ट्रकची ताडपत्री शिवत होती. मोठी सुई, तळहाताला चामड्याचा तुकडा बांधलेला. ट्रकांच्या आवाजात मला दोनदा हाक मारावी लागली.

"तू काहून आला गा एवढ्या उन्हात?" म्हणाली. मी पत्रिका दिली आणि सांगितलं, आईने मुद्दाम पाठवलं आहे. तिने पत्रिका उलटून पाहिली, मग ताडपत्रीचा कोपरा झटकून मला जागा केली. "बस. चहा मांडू?" मी बसलो. तिकडे कोणाला तिचं नाव ठाऊक नव्हतं. गोदामातले हमाल तिला ताडपत्रीवाली म्हणायचे. एवढ्या आवाजात बोलायचं काय, म्हणून दिवस दिवस बोलणंच होत नाही, असं ती चहा गाळताना सहज म्हणाली.

लग्नाला ती आली. इस्त्रीची साडी, कपाळाला कुंकू. आई तिला हात धरून आत घेऊन गेली आणि बायकांच्या रांगेत बसवलं. शेजारी मुलाकडची कोणी बाई होती. तिने पानाचं तबक पुढे करत विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

गोपिकाबाईने जरा विचार केला. "शेजारची," ती म्हणाली, आणि पान घेतलं.