गस्तीच्या वहीतला लंगडा

नवं महाराष्ट्र राज्य झालं, त्या सुमारास मी घाटंजीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. आमच्या गावाच्या वाट्याला एक पोलीस शिपाई होते. गाव त्यांना जमादार म्हणे. त्यांनी आठवड्यातून दोनदा रात्री येऊन गस्त घालायची आणि तसं वहीत लिहायचं, असा नियम. ते यायचे बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, आणि वही माझ्यापुढे सरकवायचे.

"लिवा मास्तर. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी लिहायचो, ‘गस्त घातली. शांतता.’ पण किती दिवस तेच लिहिणार? मला लिहायची हौस होती आणि माझं वाचणारं कोणी नव्हतं. हळूहळू वहीत चांदणं पडू लागलं, कुत्री भुंकू लागली. जमादार खूश.

"साहेब म्हने, आताशा तुमी मन लावून गस्त घालून राह्यले."

एकदा मी नाल्याकाठी एक संशयित उभा केला. लाल घोंगडी, डावा पाय लंगडा. हटकताच पळून गेला. लंगडा असून तो जमादारांच्या हाती कसा लागला नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. नव्या फौजदारांच्या आलं. त्यांनी हुकूम सोडला, लंगडा हजर करा.

जमादारांनी दुसऱ्याच दिवशी केला. शेजारच्या पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, टोपल्या विणणारा कोलाम बाजारात बसला होता, त्याला उचलला. त्याचा उजवा पाय लंगडा होता. घोंगडी तर नव्हतीच.

मी म्हणालो, "जमादार, तो मी मनचा लिहिला होता."

"मले काय मालूम नाई? मी तरी कुठं आलतो? पन साहेबाले लंगडा पायजे."

तीन दिवस तो कोठडीत होता. कोठडीत कोणाला ठेवलं याचीही वही असते, तिच्यात त्याचं नाव नव्हतं. ते तीन दिवस मी नोकरीच्या भीतीने मुलांकडून पाढे म्हणवून घेत बसलो. चौथ्या दिवशी ठाण्यात जाऊन सगळं सांगितलं. फौजदारांनी शांतपणे ऐकलं आणि वहीतलं ते पान फाडलं.

"आता लंगडा नाही. तुम्हीही इथे आला नाहीत. त्याला घेऊन जा."

जमादारांना शिक्षा नाही, मलाही नाही. परतीच्या वाटेवर मी त्या कोलामाला वहीतला लंगडा कुठून आला ते सांगितलं. मग तो म्हणाला, "गुरुजी, लंगडाच काहून लिवला?"

"वाचायला बरं वाटतं म्हणून."

"बरंच केलं. धड पायाचा लिवला असता, त आख्खं गाव आत बसलं असतं."

तो हसला. त्याच्या टोपल्या बाजारात राहिल्या त्या राहिल्याच.

पुढच्या बाजाराला जमादारांनी वही पुन्हा माझ्यापुढे सरकवली. "आता साधंच लिवा, मास्तर."

मी लिहिलं, ‘गस्त घातली. शांतता.’

ठाण्यात जाऊन खरं बोललो, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं. त्यानंतर वहीत लिहिलेली ही ओळ मात्र कोणाला सांगितली नव्हती.