गाय विकून आलेली पोटगी

झूराचा काडीमोड झाला तेव्हा कोर्टाने सांगितलं होतं, मुलगी सज्ञान होईपर्यंत बापाने कमाईचा चौथा हिस्सा पोटगी म्हणून द्यायचा. पण एर्किनबेकची कमाई दाखवायची कुठली? तो मॉस्कोत बांधकामावर होता, मजुरी रोख घ्यायचा आणि कागदोपत्री कफल्लक राहायचा. गाडीसुद्धा भावाच्या नावावर. वसुलीचे साहेब म्हणाले, "बाई, उघड्याच्या घरी जप्ती नेऊन मी काय उचलून आणू?"

नारीन शहरातल्या एका शाळेत भांडी घासून झूराने लेकीला, आयझिरेकला, वाढवलं.

शेवटी साहेबांनीच वाट दाखवली. पोटगी थकवणाऱ्याला देशाबाहेर जाता येत नाही. झूराने अर्ज दिला. त्या शरदात एर्किनबेक बापाच्या वर्षश्राद्धाला आला, घोडा कापून गावजेवण घातलं, आणि परत निघाला तो विमानतळावरूनच माघारी फिरला.

दोन दिवसांनी सासू दारात उभी राहिली. झूराने तिला आत घेतलं, चहा ओतला. म्हातारीने पेल्याला हात लावला नाही.

"पोरी, अर्ज मागं घे. त्याचं काम जाईल."

"आई, आठवडाभर तो गावात होता. लेकीला एकदा तरी बघायला आला?"

"लाज वाटते गं त्याला."

"लाज वाटणारा थकबाकी ठेवत नाही. पैसे नाहीत का त्याच्याकडं?"

म्हातारी पदराआड बोलावं तसं हळू म्हणाली, "आहेत. पण तिकडं नवीला दिवस गेलेत. तिच्यासाठी लागतील म्हणतो."

झूराच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग माझी काय रस्त्यावर पडली होती? नाही घेत मी अर्ज मागं."

म्हातारी उठून निघून गेली.

आठवड्यात सगळी थकबाकी भरली गेली. झूराला वाटलं, अखेर नमला! आयझिरेकला बूट आणले, हिवाळ्याचा कोळसा भरला. मग शेजारीण म्हणाली, "तुझ्या सासूने गाय विकली की. आता दुधाला महाग झाली बिचारी." ती गाय वासरू असताना झूरानेच बाटलीने दूध पाजून जगवली होती. कोळसा परत करता येत नव्हता, आणि करायचा तरी कुणाला?

थकबाकी भरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एर्किनबेक मॉस्कोला उडाला होता. त्यानंतर ना पैसा, ना फोन.

बाजारात सासू भेटली, तेव्हा आयझिरेक धावत जाऊन बिलगली. म्हातारीने नातीचं कपाळ हुंगलं, पण झूराकडे पाहिलं नाही.

"आई, घरी चला. चहा घेऊ."

"नको बाई. तुझा चहा आता घशाखाली उतरायचा नाही."

वसंतात साहेबांनी बोलावून सांगितलं, "पुन्हा थकलंय. अर्ज देऊन ठेव, कधीतरी येईलच की तो."

झूराने कोरा कागद हातात घेतला. मग तो तसाच कोरा टेबलावर ठेवून घरी आली. सासूच्या घरात विकण्याजोगं आता म्हातारीच्या डोक्यावरचं छप्परच उरलं होतं.