एक भारा पेंढा

"थंडी वरनं नाय येत, खालनं येते." असं म्हणून काका जमिनीवर तळवा टेकवायचे, डॉक्टर ताप बघतो तसा. मग पाठपिशवी खाली.

कोकणात कसली थंडी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचे. पण सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, पहाटे दहिवर पडतं, आणि काहींचं अंग रात्री तापतच नाही. काका त्यातले. वीस वर्षं जहाजाच्या इंजिनाजवळ काढलेली. "भाजलेला माणूस हाय मी, गार झाला की संपला," हे त्यांचं स्पष्टीकरण.

सड्यावरच्या जमिनी एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. त्याविरुद्ध हरकतीच्या अर्जांवर सह्या घेत काका धरून आम्ही आठ जण खेडहून चालत निघालो होतो. शेवटचा मुक्काम हेदवीच्या पुढे, काकांच्या गावात. त्यांची काजूची बाग तिथल्याच सड्यावर. पत्रक मी लिहिलं होतं. पहिलं वाक्य: आम्ही भीक मागत नाही, हक्क मागतो.

आणि हा माणूस प्रत्येक गावात संध्याकाळी कानटोपी घालून कुणाच्या तरी दारात उभा. "वहिनी, एक भारा पेंढा देता काय? सकाळी आणून देतो. मला थंडी बाधते."

पेंढा अंगाखाली, कोरडे मोजे पायात, गरम पाण्याची बाटली पोटाशी. झोपण्याआधी गूळखोबरं. रात्री दोनदा उठायचे, आणि सगळ्यांना सल्ला, "लघवी धरून ठेवू नका, ती तुमचीच ऊब खाते." मला लाज वाटायची.

सकाळी पेंढा परत द्यायला गेले की तासभर यायचे नाहीत. तिकडे चहा होई, गुरांची चौकशी होई. मी घड्याळ बघत बसायचे. परत येताना त्यांच्या हातात सह्यांचे दोन-चार अर्ज असत, त्याकडे मी लक्ष दिलं नाही.

गुहागरला त्यांना खोकला लागला. बैठकीत मीच विषय काढला, काकांनी एसटीने घरी जावं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"गावापर्यंत चालत येऊ दे गो मला," ते म्हणाले. "चालत आलो तर ऐकतील. एसटीनं काय, कोणी पण येतो."

"काका, ही मोहीम आहे, तीर्थयात्रा नाही."

"व्हय," ते म्हणाले, आणि कानटोपी नीट केली. सकाळच्या गाडीत त्यांना मीच बसवलं.

पुढच्या दोन गावांत आम्ही घरोघर पत्रकं वाटली. सभेला पहिल्या गावात चार माणसं, दुसऱ्यात एक, तोही आपली सतरंजी परत मागायला. दोन्ही रात्री शाळेच्या फरशीवर मी कुडकुडले. थंडी खालूनच येत होती.

काकांच्या गावात पोचलो तेव्हा अंधार पडत होता. शाळेच्या पडवीत पेंढ्याच्या सात गाद्या, गुडघाभर जाड. एवढा पेंढा एका घरचा असणं शक्य नव्हतं. काका नव्हते. "ताप हाय," त्यांची सून म्हणाली. "दुपारभर घरोघर फिरून एकेक भारा मागत होते. पाय दुखला म्हणून एसटीनं आलो, असं सांगतात."

मी पाठपिशवी उतरवून पेंढ्यावर बसले.

सकाळी सातलाच आपापला पेंढा न्यायला गाव पडवीत जमला. प्रत्येक घरातून कोणीतरी आलंच होतं. कोणी मला विचारलं, "बाय, झोप लागली काय?" मग माणसं बसली. कागद पुढे केले, तशा सह्या झाल्या. अर्ज संपले, तर पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर घेतल्या.

निघताना काकांच्या घरी गेलो. ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आम्ही उठवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

यंदा पुन्हा चालतोय. पत्रकाचं पहिलं वाक्य मी काढून टाकलंय. काल संध्याकाळी एका दारात उभी राहिले. आतून बाई म्हणाली, "पेंढा हवा ना? ते कानटोपीवाले कुठायत?"

मी सांगितलं. ती पेंढ्याच्या उडवीकडे गेली आणि एक भारा उपसून माझ्या हातात दिला. "सकाळी आणून दे," म्हणाली.